पोटाची जिवंत भिंत

पोटाच्या शरीररचनेवर लिहायला सांगितलं की लिहिणारा थेट आत शिरतो. जठर, यकृत, स्वादुपिंड, आतड्यांची वेटोळी यांवर पानंच्या पानं भरतात आणि ज्या भिंतीआड हा सगळा संसार चालतो तिला चार ओळी मिळतात. व्याख्यानांत हेच, पाठ्यपुस्तकांत हेच, परीक्षेतही हेच. आयुष्यभर शरीररचना शिकवताना मी या प्रथेशी भांडत आलो. आतले अवयव आज सोनोग्राफी, सीटी, एमआरआय न कापता दाखवतात. भिंत मात्र हाताने थर सोडवल्याशिवाय कळत नाही, आणि शल्यचिकित्सकाचं निम्मं यशापयश त्या भिंतीतच ठरतं. म्हणून या आढाव्यात अवयवांना थोडक्यात निरोप देऊन मी भिंतीपाशीच थांबणार आहे.

सुरुवात सुश्रुतापासून करणं भाग आहे. उज्जैनमध्ये धन्वंतरीच्या नावाचं शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथल्या मुलांना सुश्रुतसंहितेतल्या शारीरस्थानाचा पाचवा अध्याय पाठ असतो: प्रेत पिंजऱ्यात घालून प्रवाहात ठेवायचं, सात रात्रींनी ते कुजलं की वाळ्याच्या, बांबूच्या कुंच्याने हळूहळू खरवडत त्वचेपासून आतपर्यंतचं सगळं डोळ्यांनी पाहायचं. या पद्धतीत स्नायूंचे बारकावे हाती लागणं कठीण होतं, कारण कुजताना पातळ पटलं आधी जातात. तरी उदररोगाच्या चिकित्सेतली सुश्रुताची शस्त्रक्रिया वाचताना मी प्रत्येक वेळी थबकतो. नाभीच्या खाली, रोमराजीपासून डावीकडे चार अंगुळं सोडून छेद घ्यायचा, चार अंगुळं आतडं बाहेर काढून तपासायचं, छिद्र असेल तर त्याच्या कडा जुळवून काळ्या मुंग्यांकडून चाववून घ्यायच्या, मग मुंग्यांची धडं तोडून डोकी तिथेच ठेवायची. मुंग्यांची कथा सगळे सांगतात. मला त्याहून मोलाची वाटते ती छेदाची जागा. चार अंगुळं म्हणजे आपण रेक्टस या पोटाच्या पुढच्या उभ्या स्नायूच्या बाहेरच्या कडेजवळ येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात नेमका याच कडेचा छेद लोकप्रिय झाला आणि पुढे मागे पडला, कारण तिथे चिरलं की रेक्टसकडे जाणाऱ्या नसा तुटतात आणि स्नायू लुळा पडतो. सुश्रुताने नाभीचं मर्म टाळलं, मधली रेषा टाळली. त्याला नसांचं हे जाळं ठाऊक नव्हतं. पण भिंतीत कुठे चिरायचं हा स्वतंत्र विचार आहे, हे त्याने ओळखलं होतं. भास्कर गोविंद घाणेकरांनी बनारसला राहून सुश्रुतावर जी हिंदी टीका लिहिली, ती आधुनिक शरीररचना शेजारी ठेवून लिहिली. माळव्यातल्या आमच्या पिढीला दोन्ही शास्त्रांची तोंडओळख एकत्र झाली ती त्या पुस्तकामुळे.

मधली शतकं मी घाईने ओलांडतो. व्हेसालियसपासून कॅम्पर, स्कार्पा, डग्लस अशा नावांच्या पाट्या भिंतीच्या प्रत्येक थरावर लागल्या, त्या परीक्षेसाठी पाठ करायच्या. १८३६ मध्ये कलकत्त्यात मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन केलं, १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं, १८८७ मध्ये इटलीत बासिनीने अंतर्गळाची (हर्नियाची) शस्त्रक्रिया रचनेच्या पायावर उभी केली. हे सगळं सर्वांना माहीत आहे.

माझ्या जिव्हाळ्याचा धागा आहे ॲपोन्यूरोसिसचा. एक्स्टर्नल ऑब्लिक, इंटर्नल ऑब्लिक आणि ट्रान्सव्हर्सस हे तीन आडवेतिडवे स्नायू मध्याकडे येताना पांढऱ्या, चकचकीत पटलात बदलतात. आम्हाला शिकवलं गेलं ते असं, की ही पटलं रेक्टसला वेढतात आणि मध्यरेषेतल्या लिनिआ अल्बावर संपतात. शिकवणाऱ्यांचाही त्यावर विश्वास होता. १९७७ मध्ये इजिप्तच्या अस्करने दाखवलं की तंतू मध्यरेषेवर संपत नाहीत, ते पलीकडे जातात. १९८० मध्ये रिझ्कने आणखी पुढे जाऊन मांडलं की तिन्ही ॲपोन्यूरोसिस प्रत्येकी दुपदरी आहेत, आणि उजव्या एक्स्टर्नल ऑब्लिकचे तंतू डाव्या इंटर्नल ऑब्लिकमध्ये उतरतात. महेश्वरच्या मागावर ताणा-बाणा जसा काठापर्यंत एकमेकांत गुंततो तशी ही विणलेली भिंत आहे, उजवी-डावी अशा दोन भिंती मध्ये शिवलेल्या नाहीत. धड वळवताना उजवा खांदा डाव्या कमरेकडे का खेचला जातो याचं उत्तर या विणीत आहे. ज्यांचे तंतू मध्यरेषा एकदाच ओलांडतात अशा माणसांत नाभीच्या वरचा हर्निया होतो, हे अस्करचं निरीक्षण शल्यचिकित्सकाला थेट उपयोगाचं आहे. रेक्टसच्या मागचे पदर जिथे संपतात असं शिकवलं जातं ती प्रसिद्ध कमानीची रेषाही प्रत्यक्षात अनेकदा रेषा नसते. पदर हळूहळू विरळ होत जातात. पुस्तकातल्या आकृतीवर विसंबणाऱ्यांनी एकदा चांगला मृतदेह सोडवून पाहावा.

भिंत हलते, काम करते, दाब निर्माण करते आणि दाब शोषूनही घेते, हे मोजून दाखवणाऱ्यांत एक मराठी माणूस फार आधी आहे आणि शरीररचनेच्या कोणत्याही इतिहासात त्याचं नाव येत नाही. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' सुरू केलं. नौली या योगक्रियेत दोन्ही रेक्टस मध्ये उभ्या खांबासारखे वेगळे काढता येतात हे योगी शतकानुशतकं करत होते. कुवलयानंदांनी क्ष-किरण लावले, दाबमापक लावला आणि मोठ्या आतड्यात दाब वातावरणाच्या खाली जातो हे नोंदवलं. आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ त्यांनी त्याला माधवदास व्हॅक्यूम नाव दिलं. बस्ती या योगक्रियेत पाणी आपसूक वर कसं चढतं, या जुन्या कोड्याचं ते उत्तर होतं. श्वास सोडून छाती उचलली, बाजूचे तिन्ही स्नायू सैल सोडले आणि फक्त रेक्टस आवळले, की पोकळी मोठी होते. त्या काळात युरोपातले शरीरक्रियेचे लोक जिवंत माणसाची भिंत अशी इच्छेनुसार वेगवेगळी करून पाहू शकत नव्हते, कारण त्यांच्याकडे ती करून दाखवणारी माणसंच नव्हती. योगाला दूर ठेवणारे आणि योगाला चमत्कार मानणारे, दोघांनीही या कामाचं नुकसान केलं आहे.

उज्जैनमध्ये राहणाऱ्याला जिवंत भिंत पाहायला प्रयोगशाळेत जावं लागत नाही. मल्लखांब पेशवाईत बाळंभट दादा देवधरांनी वाढवला आणि मराठ्यांबरोबर माळव्यात आला. २०१३ मध्ये मध्य प्रदेशाने तो राज्यखेळ ठरवला. आखाड्यात खांबावर आडवा तोल धरलेल्या मुलाच्या पोटावर रेक्टसचे आडवे छेद, बाजूच्या एक्स्टर्नल ऑब्लिकचे दाते आणि बरगड्यांवरून उतरणारे सेरेटसचे दाते एकमेकांत कसे अडकतात ते स्पष्ट दिसतं. मी विद्यार्थ्यांना संध्याकाळी तिथे नेत असे. विच्छेदनाच्या टेबलावर सगळं आडवं आणि सैल पाहिलेल्या मुलांना तिथे पहिल्यांदा समजायचं की हे स्नायू एकेकटे कधीच काम करत नाहीत.

माळव्यातल्या रुग्णाची आणखी एक तक्रार मला पुस्तकाकडे परत नेत असे: 'धरण टळली.' महाराष्ट्रातही आजी म्हणते, बेंबी सरकली. नाभीवर अंगठा दाबून ठोका शोधायचा, तो मध्ये नसला तर सरकली. जो ठोका हाताला लागतो तो महाधमनीचा. चौथ्या कटिमणक्यापाशी ती दुभंगते, आणि ती जागा नाभीच्या जरा खाली, किंचित डावीकडे येते. बारीक माणसात तो ठोका सहज लागतो, स्थूल माणसात हरवतो, आणि नाभीची पातळी देहागणिक बदलते. लोकांचं बोट योग्य ठिकाणी पडलं होतं, अर्थ मात्र वेगळा लावला गेला. उज्जैनला पृथ्वीची नाभी मानण्याची परंपरा आहे. त्या गावात नाभीच्या शरीररचनेवर एकही गंभीर व्याख्यान होऊ नये याचं मला दुःख वाटत आलं आहे.

आता अंतर्गळ. इथे माझी भूमिका उघड आहे आणि तिच्यासाठी मी परिषदांत बोलणी खाल्ली आहेत. लिखटेनस्टाइनने १९८९ मध्ये जाळीची, ताण नसलेली पद्धत मांडली आणि जगभर ती प्रमाण झाली. भिंत कमकुवत आहे, म्हणून तिच्यावर प्लास्टिकची जाळी ठेवा, हा विचार सोपा आहे आणि परिणाम चांगले आहेत, हे मी नाकारत नाही. पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांनी वेगळा प्रश्न विचारला: शेजारीच जिवंत, मजबूत पटल असताना बाहेरची वस्तू कशाला? त्यांनी एक्स्टर्नल ऑब्लिकच्या ॲपोन्यूरोसिसची एक पट्टी, दोन्ही टोकांना स्नायूशी आणि हाडाशी जोडलेली ठेवून, इंग्वायनल नलिकेच्या मागच्या भिंतीत शिवली. खोकला आला की एक्स्टर्नल ऑब्लिक आवळतो, पट्टी ताणली जाते आणि नेमक्या त्या क्षणी भिंत घट्ट होते. या पद्धतीवरचा लेख २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या शस्त्रक्रिया नियतकालिकात आला. २००३ मध्ये २०० शस्त्रक्रियांमधल्या निरीक्षणांवर त्यांनी मागच्या भिंतीच्या हालचालीचं शरीरक्रियाशास्त्र मांडलं, आणि माझ्या मते तोच त्यांचा अधिक मोठा लेख. २०१२ मध्ये पोलंडमध्ये २०८ रुग्णांवर झालेल्या यादृच्छिक चाचणीत तीन वर्षांनंतर पुन्हा अंतर्गळ होण्याचं प्रमाण लिखटेनस्टाइन आणि देसरडा या दोन्ही पद्धतींत सारखं निघालं. तरीही आपल्याकडचे काही नामवंत देसरडांच्या पद्धतीला 'पुण्याचा प्रयोग' म्हणून बाजूला सारतात. ज्यांनी ती पट्टी कधी हातात धरली नाही त्यांनी तिच्यावर मत देऊ नये.

त्याच काळात धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाला डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर दुसऱ्या टोकाने विचार करत होते. त्यांना जाळी मान्य होती, जाळीची किंमत मान्य नव्हती. त्यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं आणि २००३ मध्ये अनेक केंद्रांवरचा अनुभव 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'त दिला. ते छापून आलं तेव्हा मोठ्या शहरांतल्या सभागृहांत नाकं मुरडली गेली. ते मी पाहिलं आहे. २०१६ मध्ये युगांडातल्या ३०२ पुरुषांवरची चाचणी 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आली. स्वस्त मच्छरदाणीची जाळी आणि महागडी जाळी यांत एका वर्षानंतर फरक निघाला नाही. देसरडांचा मार्ग मला शरीररचनेच्या दृष्टीने जवळचा, टोणगावकरांचा रुग्णाच्या खिशाच्या दृष्टीने. महाराष्ट्राच्या एका बाजूला पुणं, दुसऱ्या बाजूला दोंडाईचा, आणि दोघांनीही पोटाच्या भिंतीवर जगाला काही दिलं, ही गोष्ट मराठी माणसाने मुलांना सांगितली पाहिजे.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेबद्दल फार लिहीत नाही. १९९० मध्ये तेहेम्तन उडवाडियांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयात देशातली पहिली दुर्बिणीची पित्ताशय शस्त्रक्रिया केली आणि त्यानंतर भिंत आतून पाहायची सवय लागली. आतून पाहिलेल्या भिंतीला नवी नावं, नवे त्रिकोण मिळाले. मात्र याच दशकांत एक समाधानाची गोष्ट घडली: १९९० मध्ये रामिरेझने थर वेगळे करून मोठा हर्निया बंद करण्याची रीत दिली, २०१२ मध्ये नोवित्स्कीने ट्रान्सव्हर्सस सोडवून पुढचं पाऊल टाकलं, आणि भूलतज्ज्ञांनी इंटर्नल ऑब्लिक व ट्रान्सव्हर्ससच्या मधल्या प्रतलात औषध सोडायला सुरुवात केली. ज्या प्रतलावर आम्ही विद्यार्थ्यांना दुपारभर उभं करत असू, त्यालाच आता भाव आला आहे.

आणि नेमक्या याच काळात ते प्रतल दाखवायला महाविद्यालयांकडे ना वेळ उरला ना देह. उज्जैनला २००१ पर्यंत वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं. आमच्या काळात इथली मराठी पोरं इंदूरला किंवा ग्वाल्हेरला गजरा राजा महाविद्यालयात जात. ग्वाल्हेरच्या बी. डी. चौरसियांचं १९७९ चं पुस्तक देशभर पोहोचलं, त्याचा अभिमान आहे. त्यातल्या सोप्या आकृत्या विच्छेदनाच्या टेबलाशेजारी उघडून ठेवण्यासाठी होत्या. आमचे सर त्वचा काढल्यावर डोळे मिटायला लावत आणि बोटाने सांगा म्हणत, आता कोणत्या थरावर आहात. स्कार्पाचं पटल मांडीवर कुठे घट्ट चिकटतं ते बोटालाच कळतं, म्हणून फाटलेल्या मूत्रमार्गातून झिरपलेली लघवी मांडीत न उतरता पोटावर का चढते ते मला कधी पाठ करावं लागलं नाही.

१९९७ मध्ये अभ्यासक्रमाचा दीड वर्षाचा पहिला टप्पा कापून एक वर्षाचा केला गेला. तिथून घसरण सुरू झाली. आता एका देहाभोवती मोठा घोळका, पुढचे दोघे कापतात, मागचे मोबाइलवर आकृती पाहतात. पोटाची भिंत एका तासात 'प्रोसेक्शन', म्हणजे आधीच सोडवून ठेवलेला भाग, दाखवून संपते. काही संस्थांत काचेच्या डिजिटल टेबलावर बोटाने थर सरकवतात. ते टेबल उत्तम आहे, मी विरोधात नाही. पण त्यावर ऊतकाला प्रतिकार नाही, दोन थरांमधला सैलपणा नाही, आणि चुकीच्या थरात गेल्याची जाणीव हाताला होत नाही. २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने हिंदीतून वैद्यक शिकवायला सुरुवात केली. भाषा कोणतीही असो, टेबलावर देह हवाच.

देहदानाचे अर्ज भरणारे माळव्यात कमी नाहीत. अडतं ते घरच्यांपाशी: रात्री मृत्यू झाला तर कोणाला फोन करायचा, गाडी कोण पाठवणार, महाविद्यालय सुट्टीत देह घेईल का. अर्ज घेताना कुटुंबाशी तासाभराचं बोलणं आणि एक कायम उचलला जाणारा दूरध्वनी एवढी व्यवस्था प्रत्येक जिल्ह्यात उभी केली तर देह मिळतील. मिळालेल्या प्रत्येक देहाच्या पोटावर मग आठ विद्यार्थ्यांचा गट, दोन पूर्ण दुपारी, फक्त भिंतीसाठी. पहिल्या दुपारी त्वचेपासून एक्स्टर्नल ऑब्लिकपर्यंत, दुसऱ्या दुपारी इंग्वायनल नलिका आणि मागचं पटल. एवढं वेळापत्रकात बसवा, अशी मागणी मी अभ्यास मंडळांपुढे मांडत आलो आहे आणि पुढच्या बैठकीलाही तीच घेऊन जाणार आहे.