भिंतीत मुरलेली ओल

घरातली बुरशी ही ओलीने दिलेली वर्दी असते. कपाट भिंतीपासून ओढल्यावर मागे दिसणारे काळसर-हिरवट ठिपके, ट्रंकेतल्या कपड्यांचा कुबट वास, चामड्याच्या चपलेवर आलेली राखाडी लव, ही सगळी एकाच कुळातली. बुरशीचे बीजाणू हवेत बारमाही तरंगत असतात. बहुतेकांचा आकार २ ते १० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. दारे-खिडक्या लावून ते अडत नाहीत. त्यांना लागणारे अन्नही घरात मुबलक असते. प्लायवूड, पुस्तकाच्या बांधणीतली खळ, कातडे, सुती कापड, रंगावर बसलेली धूळ, काहीही चालते. वाण असते ती पाण्याची. एखादी जागा २४ ते ४८ तास ओली राहिली की तीही उरत नाही.

हे पाणी कधी गच्चीतून किंवा वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून झिरपते, कधी जोत्यातून भिंतीत वर चढते. जोत्यालगतच्या भिंतीवर पांढरी भुकटी येते, तिला अनेकजण बुरशी समजतात. तो लोणा असतो. पाण्याबरोबर वर आलेले क्षार पाणी उडून गेल्यावर मागे राहतात. चिमूटभर भुकटी पाण्यात टाकली तर विरघळते, बुरशी विरघळत नाही. लोणा स्वतः आजार आणत नाही, पण भिंत पाणी पीत असल्याचे सांगतो.

किनारपट्टीवर पाण्याची आणखी एक वाट असते, ती म्हणजे हवा. जुलैत मुंबई-कोकणातली सापेक्ष आर्द्रता सरासरी ८० टक्क्यांच्या वर असते. अशी हवा थोड्याशा थंड पृष्ठभागाला टेकली तरी त्यावर दव धरते. रात्रभर एसी चाललेल्या खोलीची खिडकी सकाळी उघडली की गार भिंतीवर नेमके हेच होते. बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवलेल्या कपाटामागे वारा फिरत नाही, म्हणून बुरशी आधी तिथेच धरते. थंड देशांतली माहितीपत्रके खिडक्या उघडायला सांगतात, कारण तिथली हिवाळ्यातली बाहेरची हवा आत येऊन तापली की कोरडी ठरते. आषाढात कोकणात खिडकी उघडल्यावर आत येते ती आणखी दमट हवा. स्वयंपाकाची आणि आंघोळीची वाफ एक्झॉस्ट फॅनने बाहेर काढणे, ओले कपडे निजण्याच्या खोलीत न वाळवणे आणि गरज पडल्यास डीह्युमिडिफायर किंवा एसीचा ड्राय मोड लावणे, हे उपाय इथे खरे उपयोगी. आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीचे फारसे चालत नाही. भाद्रपदात गाद्या, गोधड्या, धान्य यांना ऊन दाखवण्याच्या जुन्या रिवाजामागे हेच गणित होते.

ओलसर घरात राहणाऱ्यांमध्ये दमा, श्वासातली घरघर, खोकला आणि श्वसनसंसर्ग यांचे प्रमाण जास्त आढळते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील हवेविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत नोंदवले. लहान मुले, दमेकरी आणि ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे अशांना धोका अधिक. बीजाणू मेला तरी त्याची ॲलर्जी टळत नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. काही दमेकऱ्यांच्या श्वासनलिकांत ॲस्परजिलस जातीची बुरशी ठाण मांडते. एक्स-रेवर दिसणाऱ्या तिच्या सावल्या क्षयासारख्या भासतात आणि भारतात अशा रुग्णांना क्षयाचीच औषधे चालू राहिल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात वारंवार येतात.

भीती मात्र भलत्याच ठिकाणी जाते. ‘काळी बुरशी’ हा शब्द २०२१च्या साथीत म्यूकरमायकोसिसला चिकटला. तिचा भिंतीवरच्या काळ्या डागांशी संबंध नाही. अमेरिकेत क्लीव्हलँडमधल्या तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांतील रक्तस्रावाचा ठपका १९९०च्या दशकात स्टॅकिबॉट्रिस या काळ्या बुरशीवर ठेवला गेला होता. २००० साली तिथल्या रोगनियंत्रण केंद्रानेच तो संबंध सिद्ध होत नसल्याचे सांगितले. पण म्हणून बुरशी निरुपद्रवी ठरत नाही. इंग्लंडमधील रॉचडेल येथे अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये दगावला. घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्काने जडलेला श्वसनविकार हे कारण २०२२ साली चौकशीअंती नोंदवले गेले. वडिलांनी तक्रार केली तेव्हा त्यावर रंग मारा, असे उत्तर मिळाले होते. पुढे त्याच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद २०२३च्या कायद्यात आली.

मालमत्तेचे नुकसान दोन तऱ्हांनी होते. काही वस्तू बुरशी स्वतः खाते. प्लायवूड सुटते, पुस्तकांवर तपकिरी डाग पडतात, कॅमेऱ्याच्या भिंगावरचा लेप तिच्या आम्लाने कायमचा कोरला जातो. साड्यांत ठेवलेल्या डांबराच्या गोळ्या किड्यांसाठी असतात. बुरशीला त्यांचा फारसा धाक नसतो. काँक्रीटचे मात्र बुरशी काही बिघडवत नाही, ते काम तिला पोसणारे पाणी करते. सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, काँक्रीट आतून फुगते आणि स्लॅबचे तुकडे निखळतात. छतावरचा काळा डाग म्हणूनच छताखाली निजणाऱ्यांनी हसण्यावारी नेऊ नये.

डाग छोटा असेल, तर साबणाच्या पाण्याने ओला करून घासावा. कोरडा ब्रश मारला की बीजाणू घरभर उधळतात. एन-९५ मास्क हवा आणि पंखा बंद. ब्लीच वापरायचेच असेल, तर त्यात संडास धुण्याचे ॲसिड कदापि मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बुरशी मुरलेली गादी किंवा फॉल्स सीलिंगचा जिप्सम बोर्ड धुऊन वाचत नाही, तो टाकावाच लागतो.

गळती कोणी दुरुस्त करायची, यावर सोसायट्यांत वर्षानुवर्षे वाद चालतात. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून होणारी गळती सोसायटीच्या खर्चात येते, तर घरातल्या न्हाणीघर-संडासातली त्या सभासदाच्या. इमारत नवी असेल, तर २०१६च्या रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताब्यापासून ५ वर्षांत लक्षात आणून दिलेले बांधकामाचे दोष विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दूर करायचे असतात. तक्रार लेखी आणि फोटोंसह असावी.

रंगकामाला शेवटी हात घालावा. दिवाळी तोंडावर आली म्हणून ओल्या भिंतीवर ऑइलपेंट चढवला की आतल्या पाण्याची वाट बंद होते आणि पुढच्या पावसाच्या आधीच पोपडे निघतात. भिंत वाळली का, हे पाहायला महागडे यंत्र लागत नाही. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी पट्टी लावून भिंतीवर एक दिवस चिकटवावा. आतल्या बाजूला थेंब जमले तर भिंत अजून ओली आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर दोष खोलीतल्या हवेचा.