इंजिन तापते, दमही जातो

भर उन्हाळ्यात भंडाऱ्याजवळ कारध्याचा वैनगंगेवरील पूल ओलांडताना एखादी जुनी डिझेल जीप तापते. तिची ओढही कमी झालेली असते. हे दोन वेगळे रोग समजावेत काय?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून सुमारे विसाव्या हिश्श्याएवढी केली की ती ५०० अंश सेल्सियसहून अधिक तापते व फवारलेले डिझेल पेटते. हवा निसटली तर ज्वलन अपुरे राहते.

इंजिनाचा ठोकळा बहुधा ओतीव लोखंडाचा, तर वरचे हेड पुष्कळदा ॲल्युमिनियमचे असते. ॲल्युमिनियम जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. इंजिन अति तापले की हेड वाकते, मधले गॅस्केट निकामी होते. तप्त वायू थंडाव्याच्या पाण्यात शिरतात आणि इंजिन आणखीच तापते.

निदानासाठी थंड इंजिनाच्या सिलिंडरमध्ये, दोन्ही झडपा बंद असताना, दाबाची हवा सोडतात. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर दोष गॅस्केटचा किंवा हेडचा. ऑइल भरण्याच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगांचा. सायलेन्सरमधून आली तर झडपेचा. एवढे पाहिले की इंजिन उगाच खोलावे लागत नाही.

तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये. दाबाखाली १०० अंशांपलीकडे गेलेले पाणी दाब सुटताच उसळून अंगावर येते. प्रेशर कुकरचे तत्त्व विद्यार्थ्यांना शिकवताना आपण हेही उदाहरण द्यावे.