‘लूस’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि उपयोग

इ. स. २००० पासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जातो. त्यामुळे इंग्रजी शब्दांचा पहिला संस्कार करण्याची जबाबदारी प्राथमिक शिक्षकांवर आली आहे. या दृष्टीने ‘लूस’ हा शब्द विचारात घेण्याजोगा आहे. ‘लूस म्हणजे सैल’ एवढे पाठ करविल्याने कार्यभाग साधत नाही.

या शब्दाचा मूळ भाव ‘बंधनात नसलेला’ असा आहे. बंधन बदलले की मराठी प्रतिशब्दही बदलतो. अंगाबरोबर न बसणारा सदरा सैल, नीट न आवळलेली गाठ ढिली, वहीतून निघालेला कागद सुटा, दावे तुटलेली गाय मोकळी, दुधाचा पडू पाहणारा दात हलता, तर नांगरटीनंतरची माती भुसभुशीत होय. सिडकोने वसविलेल्या खारघरच्या दुकानांतून ‘लूज डाळ’ हा प्रयोग मुलांच्या कानी पडतो. तेथे डाळ सैल नसून सुटी, म्हणजे पुडक्यात न बांधलेली, असते.

अर्थभेदाचे महत्त्व केवळ परीक्षेपुरते नाही. रस्त्यावरील धोक्याच्या खुणांत ‘लूस ग्रॅव्हल’ अशी एक खूण आहे. तिचा अर्थ ‘सुटी खडी’. अशा खडीवरून सायकल घसरते. खारघरच्या डोंगरउतारावर पावसाळ्यात ‘लूस’ दगड म्हणजे पाय ठेवताच निसटणारा दगड. हा अर्थ मुलास वेळीच कळला, तर अपघात टळू शकेल.

उच्चाराकडेही लक्ष पुरवावे. या शब्दात दोन ‘ओ’ असून अंती ‘सकाळ’ मधील ‘स’ आहे. एकच ‘ओ’ असलेले दुसरे क्रियापद ‘हरवणे, गमावणे’ या अर्थाचे असून त्याच्या अंती ‘जहाज’ मधील ‘ज’ च्या जवळचा ध्वनी येतो. व्यवहारातील ‘लूज’ या उच्चारामुळे या दोहोंची गल्लत होते व लेखनातही तीच उतरते.

पाठाच्या वेळी दोरीची गाठ, सदऱ्याचे बटण, सुटे कागद अशा वस्तू मुलांपुढे ठेवाव्यात आणि ‘ही वस्तू कशापासून सुटली?’ असे प्रत्येक वेळी विचारावे. उत्तर मिळाले की योग्य मराठी शब्द मुले स्वतःच सुचवितील. तो फळ्यावर लिहून मगच इंग्रजी वाक्य करवून घ्यावे.