श्रेष्ठ वादक कोण?

चार संगीतप्रेमी एकत्र जमले की एक वाद हटकून निघतो. पूर्वी तो सतारीवरून निघे, आता तो गिटारीवरून निघतो. सर्वांत श्रेष्ठ वादक कोण? जिमी हेंड्रिक्स, एरिक क्लॅप्टन की जिमी पेज? गिटारवाले संपले म्हणजे ड्रमवाले येतात, मग ट्रंपेटवाले. आवाज चढतात आणि अखेरीस जो तो आपलेच मत घेऊन घरी जातो. हा वाद निव्वळ वेळेचा अपव्यय होय, असे पुष्कळांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. श्रेष्ठ कोण हे ठरविताना आपण कशाला मोल देतो ते उघड होते, आणि कोणाला विसरतो तेही. म्हणून हा वाद घालावा. मात्र तो कसा घालावा, एवढ्याचाच आज विचार करू.

प्रथम एका प्रसिद्ध यादीकडे पाहू. 'रोलिंग स्टोन' ह्या अमेरिकन नियतकालिकाने 2003, 2011 आणि 2023 अशा तीन वेळा थोर गिटारवादकांच्या याद्या छापल्या. तिन्हींत पहिले नाव हेंड्रिक्सचे आहे. परंतु त्याच्या खालची नावे पाहण्यासारखी आहेत. ड्युएन ऑलमन हा वादक 2003 साली दुसरा होता, 2011 साली तो नववा झाला. आता हा ऑलमन 1971 सालीच वारला होता. त्या आठ वर्षांत त्याचे वादन बिघडण्याचा संभवच नव्हता. बदलले ते परीक्षक. पहिली यादी एका समीक्षकाने केली होती, दुसरी अनेक वादकांच्या व समीक्षकांच्या मतांवरून झाली.

सिस्टर रोझेटा थार्प ह्या बाईंची गोष्ट ह्याहूनही बोलकी आहे. 1915 साली जन्मलेल्या ह्या कृष्णवर्णीय गायिकेने प्रार्थनामंदिरातली भक्तिगीते विजेच्या गिटारीवर अशा आवेशाने वाजविली की रॉक संगीताच्या पहिल्या पिढीने तिच्यापासून धडे घेतले. ती 1973 साली निवर्तली. पहिल्या दोन याद्यांत तिचे नाव नव्हते. 2023 च्या यादीत ती एकदम सहावी आली. मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी कोणी अधिक चांगले वाजवू लागत नाही. ऐकणाऱ्यांचे कान मात्र उशिरा उघडू शकतात.

ह्याचा अर्थ सगळेच सारखे, असा मात्र नव्हे. अर्थ एवढाच की श्रेष्ठता मोजावयाची तर आधी माप सांगितले पाहिजे. पूर्वी कापड गजाने मोजीत आणि दूध शेराने. पंडित रविशंकर आणि उस्ताद विलायत खाँ ह्यांच्या चाहत्यांत वर्षानुवर्षे जे भांडण चालले, ते ह्याच घोटाळ्यामुळे. रविशंकरांनी सतारीच्या खर्जाच्या तारा राखल्या आणि आलापीला बीनेचे गांभीर्य दिले. विलायत खाँनी त्या जाड तारा काढून टाकल्या आणि गळ्यातून निघावे तसे गाणे सतारीवर आणले. एकाला दुसऱ्याच्या मापाने मोजले, तर दोघेही उणेच ठरतील.

माझ्या मते वादकाला लावावयाची मापे मुख्यतः तीन आहेत. पहिले माप हाताच्या तयारीचे. सूर स्वच्छ आहे काय, लय पक्की आहे काय, वेगात स्पष्टता टिकते काय? हे माप सर्वांना समजते, म्हणून ते वाजवीपेक्षा अधिक वापरले जाते. वेग लगेच कानांत भरतो; संयम ओळखावयास सराव लागतो.

दुसरे माप असे की वादकाने त्या वाद्याची शक्ती वाढविली काय? येथे विजेच्या गिटारीची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. साध्या गिटारीत पोकळ लाकडी पेटी नाद वाढविते. विजेच्या गिटारीत पोलादी तारांखाली लोहचुंबक असतो आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. तार कंप पावली की वेटोळ्यात अतिशय क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि ध्वनिवर्धक त्याला मोठे करून कर्ण्यातून बाहेर टाकतो. कर्ण्याचा आवाज पुन्हा तारांवर आदळला की शीळ घातल्यासारखा गोंगाट होतो. सभेत ध्वनिक्षेपक किंचाळतो, तोच हा प्रकार. बहुतेक वादक हा दोष टाळीत. हेंड्रिक्सने त्यालाच वश करून त्याचे संगीत केले. तो डावखुरा होता आणि उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवीत असे. 1970 साली अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी तो वारला. पण त्याच्या हाती आल्यानंतर ते वाद्य पूर्वीचे राहिले नाही.

ह्याच मापाने आपल्याकडेही पाहावे. पन्नालाल घोष ह्यांनी बासरी लांब करून तिला ख्यालाचे गांभीर्य दिले. शिवकुमार शर्मांनी काश्मिरी संतूर रागदारीच्या बैठकीत बसविले. अहमदाबादेत वास्तव्य केलेले ब्रिजभूषण काबरा, म्हणजे आम्हां गुजरातवासीयांचे शेजारीच, ह्यांनी तर गिटार आडवी ठेवून तारेवर पोलादी कांब फिरविली आणि पडद्यांच्या बंधनातून सुटून तिच्यातून मींड काढली. 1967 साली ह्या काबरांनी शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया ह्यांच्यासह केलेली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका आजही आवडीने ऐकली जाते. हेंड्रिक्स आणि काबरा ह्यांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. परंतु एका परक्या वाद्याला नवी वाणी देणे हे काम लहान खास नव्हे.

तिसरे माप सर्वांत अवघड आहे. कारण ते लावावयाचे तर वादकाचे नाव ठाऊक असावे लागते. हे माप म्हणजे गाण्याची सेवा. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्यातील वादकांची एक मोठी पिढी राबली. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना व्हायोलीन आणि स्वरलिपी शिकवीत. ती मुले पुढे मुंबईच्या वाद्यवृंदांत आली. संगीतकार चाल गुणगुणे, आणि पन्नास वादकांनी काय वाजवावे ते ही मंडळी कागदावर उतरवीत. दक्षिण गुजरातेतील वांसद्याचे जयकिशन आणि त्यांचे जोडीदार शंकर ह्यांच्या गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसोझांची लेखणी होती. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या गाण्यांत चिक चॉकलेट ह्या टोपणनावाच्या गोवेकर वादकाचा ट्रंपेट निनादला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ह्यांनी प्यारेलालना व्हायोलीन शिकविले. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी' चित्रपटातील गाण्यात शिष्याने गुरूचे नाव घातले, तेव्हा ते गाणे देशभर गाजले. पण हे नाव एका हाडामांसाच्या वादकाचे आहे, ह्याची कल्पना किती जणांना होती? ध्वनिमुद्रिकेवर गायकाचे नाव असे, संगीतकाराचे असे, गीतकाराचेही असे. वादकाचे बहुधा नसे.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेत डेट्रॉइट येथे जेम्स जेमर्सन ह्या बासवादकाने मोटाऊन कंपनीच्या कितीतरी लोकप्रिय गाण्यांना आधार दिला. त्याचे नाव मात्र 1971 पर्यंत त्या कंपनीच्या एकाही मोठ्या ध्वनिमुद्रिकेवर छापले गेले नव्हते. ज्याचे नावच छापले नाही, तो यादीत कसा येणार?

आता घराजवळचे पाहू. सुरतेतील आमच्या नवागामात खानदेशातून पोटासाठी आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्या वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत बँजो वाजतो. नाव अमेरिकन असले तरी ते वाद्य अमेरिकन नव्हे. 1912 साली जपानात नागोया येथे तयार झालेल्या तैशोगोतो ह्या वाद्याचा तो वंशज, म्हणजे आपला बुलबुलतरंग. एका हाताने टंकलेखन यंत्रासारख्या कळा दाबावयाच्या, दुसऱ्याने तारा छेडावयाच्या, आणि नाद विजेने वाढवावयाचा. विजेच्या गिटारीचा हा गल्लीतला चुलतभाऊच म्हणावयाचा. वाजविणारा चालत्या गाडीवर, ढोलताशांच्या गदारोळात, लोक मागतील ते गाणे क्षणात उचलतो. गाडीवर पथकाचे नाव मोठ्या अक्षरांत असते. वाजविणाऱ्याचे नाव वधूपित्यालाही ठाऊक नसते. तो हेंड्रिक्सच्या पंक्तीला बसेल असा दावा मी करीत नाही. पण त्याला एकदाही लक्षपूर्वक न ऐकता तो बसणार नाही, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

तेव्हा श्रोतेहो, वाद अवश्य घाला. आपण कोणते माप लावीत आहो, ते मात्र आधी सांगा. ज्याच्याविरुद्ध बोलावयाचे त्याची निदान एक ध्वनिमुद्रिका पुरती ऐका. आणि आवडते गाणे लागले की गायकाच्या नावापाशी न थांबता मधले वादन कोणाचे, हेही शोधा. पुढल्या वरातीत बँजो थांबला की दोन पावले पुढे जाऊन वाजविणाऱ्याला त्याचे नाव विचारा.