कळफलकाचा तुटणारा संबंध

जबलपुरात १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना स्थापन झाला, आणि १९५६ पासून मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालयही याच शहरी आहे. कारखान्यातील मराठी गृहस्थ असोत वा न्यायालयातील मराठी वकील, आज त्यांच्या पिशवीत टॅब्लेट आणि त्याला जोडावयाचा सुटा कळफलक आढळणे नवलाचे नाही. उद्या सकाळी दाखल करावयाच्या अर्जाचा मसुदा निम्म्यावर यावा आणि बोटे चालत असता अक्षरे उमटणे थांबावे, यासारखी पंचाईत दुसरी नाही. अशा वेळी मनुष्य नवा कळफलक घ्यावयास निघतो. पण त्याआधी दोष नेमका कोठे आहे, हे पाहिले पाहिजे.

सुटे कळफलक दोन जातींचे असतात. पहिल्या जातीत कडेला बारीक धातूचे ठिपके असतात आणि त्यांवर स्प्रिंगच्या पिना टेकतात. वीज आणि संदेश दोन्ही त्यांतूनच वाहतात. लोहचुंबक जोड धरून ठेवतो खरा. परंतु धरणे निराळे आणि स्पर्श होणे निराळे. एक पीन क्षणभर उचलली गेली, तरी कळफलक काढून घेतला असे टॅब्लेट समजतो. शिवाय चुंबक लोखंडाचा कीस ओढून घेतो, आणि घामाचा थर ठिपक्यांवर साचतो तो वेगळाच. दुसऱ्या जातीत पिना नसतात. ब्लूटूथच्या रेडिओलहरींनी काम चालते. त्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतात, आणि बहुतेक घरांतील वायफाय व मायक्रोवेव्ह भट्टी यांचाही वावर त्याच पट्ट्यात असतो.

म्हणून पहिला प्रश्न हा, की संबंध तुटतो केव्हा? मांडीवर ठेवून हलवताना तुटत असेल आणि मेजावर टिकत असेल, तर दोष जोडाचा. टॅब्लेट बंद करावा, कोरड्या मऊ फडक्याने ठिपके व पिना हलकेच पुसाव्या. टोकदार वस्तूने खरवडू नये. जाड आवरण जोडाच्या आड येत असेल, तर तेही काढून पाहावे.

काही मिनिटे हात थांबवल्यावरच तुटत असेल, तर वीज वाचवण्यासाठी कळफलक झोपी गेला असेल. कळ दाबताच क्षणभरात तो जागा झाला, तर तो दोष नव्हे. एकाच खोलीत तुटत असेल, तर वायफायचे यंत्र दूर करावे. ब्लूटूथ कळफलकाची बॅटरी पूर्ण भरावी. जुनी जोडणी पुसून नव्याने करावी. टॅब्लेट बंद करून पुन्हा सुरू करणे आणि त्याची प्रणाली अद्ययावत करणे, हे उपाय दोन्ही जातींना लागू पडतात.

एवढ्यानेही भागले नाही, तर शेजाऱ्याचा त्याच जातीचा कळफलक आपल्या टॅब्लेटला लावावा. तोही तुटला, तर दोष टॅब्लेटचा; तो टिकला, तर आपल्या कळफलकाचा. मगच दुरुस्तीचा वा खरेदीचा विचार करावा.

एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे कोणत्या उपायाने गुण आला ते कळते. आणि तोवर पडद्यावरील कळांनी मसुदा पुरा करता येतो, हे विसरू नये. कळफलकाची चौकशी उद्याही होईल. अर्जाची वेळ मात्र थांबत नाही.