तक्रार आणि ऊसनोंद यांची सांगड



गाळप हंगाम सुरू झाला की गट ऑफिसात एकच प्रश्न ऐकू येतो, "आमच्या मागनं लागण केलेल्याचा ऊस गेला, आमची तोड कधी?" कोणी चिटबॉयला सांगतो, कोणी शेतकी अधिकाऱ्यांना फोन करतो, कोणी अर्ज देतो. तक्रार वहीत राहते. लागणीची तारीख, तोडणी टोळी, काट्याची पावती व बिल यांच्या नोंदी मात्र संगणकात असतात. तक्रार एकीकडे आणि पुरावा दुसरीकडे, मग निकाल लागायचा कसा? या दोहोंची सांगड कशी घालावी, ते थोडक्यात पाहू.

ही सांगड नावावरून होत नाही. एका गावात एकाच नावाचे दोन-तीन सभासद असतात आणि एका सभासदाचे प्लॉटही अनेक असतात. म्हणून तक्रार लिहिताना सभासद कोड, प्लॉटचा नोंद नंबर, तारीख आणि तक्रारीचा प्रकार या चार गोष्टी हव्यातच. प्रकार मोजकेच ठेवावेत: तोडीला उशीर, वजन, बिल, टोळीची पैशाची मागणी, बेणे-खत. सभासदाचे मूळ शब्दही तसेच लिहून ठेवावेत, म्हणजे प्रकार चुकला तर दुरुस्त करता येतो. नोंद नंबर घातला की संगणक त्या तक्रारीपुढे लागणीची तारीख, उसाची जात, टोळी आणि पावती मांडून देतो.

समजा, लोणी गटातून एका पंधरवड्यात तोडीला उशीर झाल्याच्या २० तक्रारी आल्या. नुसत्या वहीवरून लोक नाराज आहेत, एवढेच कळते. नोंदींशी जोडल्यावर त्यांतल्या १५ प्लॉटना एकच टोळी नेमलेली दिसली, तर तिथे टोळी वाढवली पाहिजे. पण मागाहून लागण झालेले त्याच जातीचे ऊस आधी तुटलेले दिसले, तर पाळी मोडली आहे; त्याचा जाब शेतकी खात्याने द्यायचा. तक्रार एकच, उपाय मात्र वेगळे.

आपल्या लोणी-धामणी पट्ट्यात पाऊस कमी. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की उभा ऊस वाळतो, वजन घटते. पैसे वजनावर मिळतात, तेव्हा हा तोटा सरळ सभासदाच्या पदरात पडतो. तोडलेला ऊस फडात पडून राहिला तर वजनाबरोबर साखरही घटते, म्हणजे कारखान्याचेही नुकसानच.

बिलाची तक्रार तपासणे त्याहून सोपे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत रास्त व किफायतशीर दराचे, म्हणजे एफआरपीचे पैसे द्यायचे असतात; उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज. काट्याच्या पावतीची तारीख आणि बँकेत रक्कम जमा झाल्याची तारीख शेजारी ठेवली की उशीर किती दिवसांचा, ते लगेच कळते.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. तक्रारी जास्त म्हणजे काम वाईट, असे धरू नये. त्या गावात प्लॉटच जास्त असतील. शंभर प्लॉटमागे तक्रारी किती, हे पाहावे. गप्प बसणाऱ्यांचे रखडलेले प्लॉटही तारखांवरून शोधून काढावेत. दुसरे असे, की टोळीने पैसे मागितल्याची तक्रार करणाऱ्याचे नाव टोळीपर्यंत जाता कामा नये. ऊस शेतात उभा असेपर्यंत माणूस बोलायला भितो.

सभासदांनीही एवढे करावे. ऊसनोंदीची पावती जपून ठेवावी. लागणीची तारीख, जात आणि क्षेत्र बरोबर लिहिले आहे का, ते पाहून घ्यावे. नोंदच चुकली तर तक्रार भलत्याच प्लॉटवर जाऊन बसते. तक्रार देताना नोंद नंबर सांगावा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. आठवड्यात उत्तर आले नाही, तर तोच क्रमांक घेऊन गट ऑफिसात विचारावे. कारखाना आपला आहे, विचारायला संकोच कसला?