पाण्याखालील पठार

मोडनिंब हे सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील गाव. समुद्र येथून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर, सह्याद्रीच्या पलीकडे आहे. पाऊस बेताचाच, म्हणून खोल पाण्याची ओळख मुलांना होते ती विहिरीत. पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून पोहावयास शिकावे, तो सुटला की काठावरून सूर मारावा आणि तळाची माती मुठीत घेऊन वर यावे, हा उन्हाळ्याच्या सुट्टीतील मोठा पराक्रम! बुडी मारणाऱ्यास दोन गोष्टी लगेच कळतात. दीड-दोन परस खोल जाताच कानांत कळ येते, आणि थोड्याच वेळात ऊर हवेसाठी तळमळू लागतो. पहिली गोष्ट पाण्याच्या दाबामुळे घडते, दुसरी हवेच्या अभावामुळे. समुद्राचा तळ पाहावयास निघालेल्या माणसापुढेही याच दोन अडचणी उभ्या राहतात. मात्र तेथे त्या कितीतरी मोठ्या असतात.

पाहण्याजोगा असा एक तळ महाराष्ट्राच्याच समोर आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरांवर अरबी समुद्रात एक विस्तीर्ण पठार बुडालेले आहे. त्याची लांबी सुमारे ४० किलोमीटर आहे. मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्यास ‘आंग्रिया बँक’ म्हणतात. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या बोटीस तेथे पोहोचण्यास सात तास लागतात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्यामुळे हा प्रवास करता येत नाही. वाटेत किनारा दिसेनासा होतो, आणि ठिकाण आले तरी डोळ्यांना बेट दिसत नाही की खडक दिसत नाही. पठाराचा माथाच मुळी सुमारे २० मीटर पाण्याखाली आहे. ठाऊक नसलेली बोट त्यावरून खुशाल निघून जाईल!

या माथ्यावर उतरावयाचे तर हवा बरोबर न्यावी लागते. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यॉं या दोघांनी त्यासाठी एक सोयीचे उपकरण सिद्ध केले. आजची ‘स्कूबा’ साधने त्याच धर्तीची आहेत. पाणबुड्याच्या पाठीवर धातूची टाकी असते. तीत केवळ प्राणवायू भरलेला असतो असा पुष्कळांचा समज आहे. परंतु सामान्यतः तीत आपण श्वासावाटे घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते. टाकीपासून तोंडापर्यंत एक नळी येते. तिच्यातील झडप भोवतालच्या पाण्याचा जितका दाब असेल तितक्याच दाबाची हवा देते; त्यामुळे छातीवर पाण्याचा भार असूनही श्वास सहज घेता येतो. कानांसाठी उपाय सोपा आहे. नाक चिमटीत धरून हलकेच हवा फुंकली की कानाच्या आतील व बाहेरील दाब सारखा होतो आणि कळ थांबते.

आता हवेचा हिशोब पाहू. समुद्राच्या पृष्ठभागावर हवेचा जो दाब असतो, त्यात दर १० मीटर खोलीला तितक्याच दाबाची भर पडते. म्हणजे २० मीटरांवर दाब तिप्पट होतो, आणि प्रत्येक श्वासात हवाही तिप्पट खर्च होते. १२ लिटरच्या टाकीत २०० पट दाबाने हवा भरली तर ती २,४०० लिटर होते. मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्या माणसास ती पृष्ठभागावर दोन तास पुरेल. आंग्रियाच्या माथ्यावर मात्र ४० मिनिटेच पुरेल. त्यातूनही चौथा हिस्सा परतीसाठी राखावा लागतो. सात तासांच्या प्रवासानंतर उरली ती अवघी सव्वा घटका! म्हणून पाणबुड्या घाई न करता संथ श्वास घेतो आणि टाकीच्या काट्याकडे वारंवार पाहतो.

एवढ्या खटाटोपाने काय पाहावयास मिळते? किनाऱ्यावरील नद्यांचा गाळ इतक्या दूर पोहोचत नाही, म्हणून तेथील पाणी नितळ असते. त्यात झुडपांसारखे फाटे फुटलेले, तर कोठे गोल दगडांसारखे प्रवाळ दिसतात. ही झुडपेही नव्हेत आणि दगडही नव्हेत; ती इवल्याशा प्राण्यांची वसाहत होय. विहीर खणताना जी पांढरी चुनखडी लागते, तिच्यातील मुख्य द्रव्यच हे प्राणी समुद्राच्या पाण्यातून घेऊन आपली घरे बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करून आपल्या यजमानास देते. ऊन पोहोचेल तेथेच असे प्रवाळ वाढतात, याचे कारण हेच.

गोलसर प्रवाळ वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटर वाढतो. हाताच्या लांबीएवढी जाडी यावयास माणसाचे आयुष्य सरते. पण पायाला बांधलेल्या रबरी पंख्याचा एक निष्काळजी फटका फाटे फुटलेला प्रवाळ क्षणात मोडून टाकतो. बोटीचा नांगर पडला तर याहून अधिक नासधूस होते. म्हणून जाणता पाणबुड्या तळावर पाय टेकीत नाही, प्रवाळास हात लावीत नाही आणि तुकडा आठवण म्हणून वर आणीत नाही. पाणी काही काळ नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी तापले तरीही शैवाल प्रवाळास सोडून जाते. मग प्रवाळ पांढरा पडतो, आणि उष्णता टिकली तर उपासमारीने मरतो. १९९८ साली लक्षद्वीपातील पुष्कळ प्रवाळ असेच नष्ट झाले.

परत येणे हे जाण्याइतकेच अवघड असते. दाबामुळे हवेतील नत्रवायू रक्तात विरघळलेला असतो. सोड्याच्या बाटलीचे झाकण एकदम उघडले की बुडबुडे उसळतात. तसेच झपाट्याने वर येणाऱ्या माणसाच्या शरीरात घडते, आणि ते प्राणावर बेतू शकते. श्वास कोंडून वर आल्यास फुप्फुसे फुगून फाटण्याचे भय असते. यास्तव पाणबुड्या सतत श्वास घेत सावकाश वर येतो आणि पाच मीटरांवर तीन मिनिटे थांबतो. ही शिस्त आधी उथळ पाण्यात शिकावी लागते. मालवणजवळ तारकर्ली येथे तिचे शिक्षण मिळते; परंतु पहिले प्रशिक्षण १८ मीटरांपर्यंतच उतरण्याची पात्रता देते. आंग्रियाचा माथा त्याहून खाली आहे.

त्या तीन मिनिटांत पायांखालचे पठार हळूहळू निळ्या पाण्यात मिसळून जाते. बोटीवर चढून मागे वळून पाहावे, तर तेथे केवळ लाटा! जे दिसत नाही ते नाहीच, असे मानणारा मनुष्य तेथे निःशंकपणे नांगर टाकील. ज्याने एकदा खाली पाहिले आहे, तो मात्र हात आवरतो.